हरणाचे रान, आमचे रान

(द्वितीय वर्ष कला शाखेतील एक विद्यार्थिनी)

मागच्या वर्षी मराठीच्या तासाला सरांनी कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुंतल' नाटकाचा पहिला अंक समजावून सांगितला. राजा दुष्यंत रथातून हरणाचा पाठलाग करतो, बाण लावतो आणि तेवढ्यात तपस्वी पुढे येऊन सांगतात की हा आश्रमातील मृग आहे, याला मारू नये. सर फार रंगून शिकवीत होते. सारा वर्ग तल्लीन झाला होता. मीही झाले होते. परंतु माझ्या मनात एक वेगळाच विचार येत होता. तो असा की, आश्रमाच्या शेजारी कुणाचे हरभऱ्याचे रान असेल काय? आणि असेल तर त्या शेतकऱ्याने तपस्व्यांना काय सांगितले असते?

घरी आल्यावर मी ही गोष्ट अण्णांना सांगितली. अण्णा म्हणजे माझे वडील. ते चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पोरी, तुझ्या पुस्तकातल्या हरणाला पोट नसतंय. आमच्या हरणाला हाय."

हा लेख त्या एका वाक्यावरून सुचला. हरीण शेतात का येते, केव्हा येते, तेथे काय खाते आणि कोठे लपते, याविषयी मला जे पाहून, विचारून आणि वाचून कळले ते येथे मांडते. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे शास्त्रीय भाषेत कोठे चुकले असेन तर प्राध्यापकांनी व मित्रमैत्रिणींनी सांभाळून घ्यावे.

कोणते हरीण?

आमचे गाव करमाळा तालुक्यात माळाच्या कडेला आहे. आम्ही ज्याला हरीण म्हणतो तो प्राणी म्हणजे काळवीट. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने काळवीट हा हरणांच्या कुळातला नाहीच. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणे. त्यांच्या नरांची शिंगे फाटे फुटलेली असतात, ती दरवर्षी गळून पडतात व नवी येतात. काळवीट, चिंकारा, नीलगाय यांची शिंगे आयुष्यभर राहतात. काळविटाच्या नराची शिंगे पिळदार व कडी असलेली असतात. मादीला सहसा शिंगे नसतात. नर वयात आला की पाठीवरून काळा होत जातो व पोटाखाली पांढरा राहतो. मादी व पाडसे पिवळसर तपकिरी. म्हणून गावात नराला काळवीट आणि मादीला हरणी म्हणण्याचा प्रघात आहे.

संस्कृतातील कृष्णसार मृग तो हाच. दुष्यंत ज्याच्या मागे लागला होता तोही कृष्णसारच. मनुस्मृतीत तर असे सांगितले आहे की, कृष्णसार जेथे आपल्या स्वभावाने वावरतो तो देश यज्ञाला योग्य होय. म्हणजे या शास्त्राप्रमाणे आमचा माळ मोठा पवित्र ठरतो. फक्त त्या माळाच्या कडेला शेत असणाऱ्याला हे पावित्र्य थोडे महाग पडते!

आमच्याकडे शेताला 'रान' म्हणतात. "रानात चाललो" म्हणजे शेतात चाललो. ज्या शब्दाने शहरातील माणूस जंगल समजतो त्याच शब्दाने आम्ही जोंधळ्याचे वावर समजतो. काळविटाचेही तसेच आहे. त्याच्या लेखी माळ आणि शेत यांत बांध नाही. दोन्ही रानच.

हरीण शेतात का येते?

लोक म्हणतात, हरणाला पिकाची चटक लागते. यात थोडे तथ्य असले तरी खरे कारण वेगळे आहे. ते समजण्यासाठी माळावरच्या गवताचे वेळापत्रक पाहावे लागते.

काळवीट मुख्यतः गवतावर जगते. आमच्या माळावर मारवेल, पवना, कुसळी अशी गवते आहेत. जून-जुलैत पाऊस पडला की माळ हिरवा होतो. कोवळ्या गवतात प्रथिने भरपूर व काष्ठ कमी असते. या दिवसांत हरणे बहुतेक माळावरच दिसतात, शेताला त्रास कमी. सप्टेंबरनंतर गवत निसवते, बी धरते आणि कडक होऊ लागते. त्यातील प्रथिने उतरतात. पोट भरते, पण अंगी लागत नाही.

नेमक्या याच सुमारास आमच्याकडे रब्बीची पेरणी होते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जोंधळा पेरतात, त्याच्या मागोमाग हरभरा. म्हणजे माळावरचे ताट शिळे व्हायला आणि बांधापलीकडे नवे ताट वाढले जायला एकच गाठ पडते. दोन पानांवर आलेला जोंधळा हा हरणाच्या दृष्टीने गवतच आहे, आणि तेही माळावरच्यापेक्षा दाट, रसाळ व एका ओळीत लावलेले. चार तास माळ हिंडून जे मिळायचे ते येथे घटकाभरात मिळते. मग त्याने शेतात का येऊ नये?

जानेवारी ते मार्च या काळात माळ पिवळा पडतो. तेव्हा विहिरीच्या पाण्यावरचा गहू, लसूणघास, कडवळ आणि घाट्यांवर आलेला हरभरा एवढेच काय ते हिरवे उरते. उन्हाळ्यात पाण्याचीही ओढ असते. हरणे वेड्या बाभळीच्या गोड शेंगाही खातात. त्या शेंगांतले बी त्यांच्या लेंड्यांतून दूरवर पडते व नवी वेडी बाभूळ उगवते. ही बाभूळ वाढली की तिच्याखाली गवत राहत नाही. म्हणजे भुकेपोटी खाल्लेल्या शेंगेने हरणाचे स्वतःचेच कुरण कमी होते.

खाणे आणि बसणे

हरीण शेताचा दुसराही उपयोग करते. तो म्हणजे आडोसा. याचा संबंध त्याच्या पोटाशीच आहे.

काळवीट हे गाई-म्हशींप्रमाणे रवंथ करणारे जनावर आहे. त्याच्या जठराचे चार कप्पे असतात. चरताना ते भराभर ओरबाडून गिळते आणि नंतर एखाद्या निर्धास्त जागी बसून तेच अन्न तोंडात आणून चघळते. म्हणून त्याला दोन जागा लागतात. एक चरायची, दुसरी बसायची.

विदर्भात ताडोबाच्या आसपास जी चितळे व सांबरे आहेत त्यांची बसायची जागा जंगल आणि चरायची जागा शेत. ती अंधार पडला की बाहेर येतात, धान-सोयाबीन खातात व उजाडायच्या आत झाडीत परत जातात. नीलगाय, जिला तिकडे रोही म्हणतात, ती तर उंच वाढलेल्या तुरीच्या पिकातच दिवसा बसून राहते.

काळविटाची रीत उलटी आहे. त्याचा सारा भरवसा डोळ्यांवर आणि पायांवर. लांडगा दुरून दिसला पाहिजे आणि पळायला मोकळे रान पाहिजे. म्हणून ते दाट झाडीत जात नाही. जोंधळा कमरेच्या वर गेला की मोठी हरणे सहसा आत शिरत नाहीत, कारण आत काही दिसत नाही. उसाचेही तसेच. दुपारच्या वेळी हरणांचा कळप बसलेला दिसतो तो पडीक तुकड्यात, काढणी झालेल्या धसकटांत किंवा गुडघ्याएवढ्या हरभऱ्यात. बसल्यावर फक्त माना वर दिसतात. मोकळे रान हाच त्यांचा आडोसा.

याला अपवाद पाडसाचा. हरणीचा गाभणकाळ सुमारे सहा महिन्यांचा असतो व तिला एका वेळी बहुधा एकच पाडस होते. पहिले काही दिवस ते कळपाबरोबर पळू शकत नाही. हरणी त्याला गवतात किंवा पिकात बसवून स्वतः दूर चरते. दूर का, तर ती जवळ उभी राहिली तर लांडग्या-कुत्र्याला पत्ता लागेल. पाडसाच्या अंगाला वास फार कमी असतो. ते मान जमिनीला टेकून मातीसारखे पडून राहते. आई ठरावीक वेळाने येऊन पाजते. शेतात असे एकटे पाडस सापडले की लोकांना वाटते, आई टाकून गेली. मग कुणी दयेने घरी आणतो व बाटलीने दूध पाजतो. बहुधा ते जगत नाही. खरे तर आई टाकून गेलेली नसते, ती लांबून आपल्याकडेच पाहत असते.

नुकसान किती आणि केव्हा?

गेल्या वर्षीच्या रब्बीत मी एक उद्योग केला. सुट्टीच्या दिवशी वहीत नोंद करीत आमच्या शेतातील ताशी पाहिली. पाभरीने पेरलेल्या ओळीला आम्ही तास म्हणतो. माळाकडच्या पहिल्या दहा-बारा तासांत खुडलेली ताटे पुष्कळ होती. आत जावे तशी ती कमी होत गेली आणि विहिरीकडे, जेथे कुत्रे बांधलेले असते, जवळजवळ नव्हतीच. म्हणजे हरीण पळण्याची वाट मागे ठेवून खाते. ज्याचे शेत माळाला लागून, त्याच्यावर सगळा बोजा. रस्त्याकडच्या शेतकऱ्याला हरणे 'शोभेची' वाटतात याचे कारण हेच असावे.

दुसरी गोष्ट वेळेची. जोंधळ्याचा वाढणारा कोंब पहिले महिनाभर जमिनीच्या आत असतो. त्या काळात वरची पाने खाल्ली तरी ताट पुन्हा फुटते, पीक थोडे मागे पडते इतकेच. हरभऱ्याचे तर महिन्या-सव्वा महिन्याने शेंडे आम्ही स्वतःच खुडतो. त्याने फांद्या वाढतात आणि घरात भाजी होते. तेवढ्यापुरते हरणाने आमचे कामच केले म्हणायचे! परंतु फुले व घाटे लागल्यावर जे खाल्ले ते गेले. त्यानंतर रोप भरून येत नाही. शिवाय कळप बसतो तेथे रोपे मोडतात, नरांची झुंज होते तेथे ताशी चेंगरतात.

तिसरी गोष्ट एकटेपणाची. साऱ्या शिवारात एकाच आठवड्यात पेरणी झाली तर खाणे वाटले जाते. ज्याचे शेत मागे राहते, त्याचेच तेवढे कोवळे दिसते आणि कळप तेथे येतो. आमचे नेमके तसे झाले. परतीच्या पावसाने वाफसा उशिरा आला, बैल दुसऱ्याचे म्हणून पाळी शेवटी मिळाली आणि आमचा हरभरा सर्वांच्या मागून उगवला.

रानातील रात्री

त्या हरभऱ्यावर माझी परीक्षेची फी आणि धाकट्या भावाचे वह्या-पुस्तकांचे पैसे अवलंबून होते. घाटे भरण्याच्या वेळी सलग चार-पाच रात्री कळप येऊन गेला. अण्णा सकाळी बांधावर नुसते उभे राहिले. कुणाला काही बोलले नाहीत.

शासनाच्या नियमाप्रमाणे वन्य प्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई मिळते. त्यासाठी तीन दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो आणि मग पंचनामा होतो. अर्ज मी लिहिला. अण्णा तो घेऊन एका कार्यालयात गेले. साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा सातबाऱ्याचा उतारा नवा हवा होता. उतारा आणला तोवर मुदत संपत आली होती, आणि पंचनाम्याला माणूस आला तोवर आम्ही हरभरा उपटायला काढला होता. दोन हेलपाट्यांचे एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी धरली तर भरपाईच्या आशेनेच आमचे नुकसान वाढवले. येथे कुणा एकाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. पण नियम करणाऱ्याने हरणाच्या पोटाबरोबर शेतकऱ्याच्या पायांचाही विचार करावा, इतके म्हणावेसे वाटते.

त्याच सुमारास एकाने अण्णांना सुचविले की कुंपणाच्या तारेत रात्री वीज सोडा, एका रात्रीत प्रश्न मिटेल. काळवीट हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणे हा मोठा गुन्हा आहे. हे मी सांगितले. परंतु अण्णांनी नाही म्हटले ते कायद्यासाठी नव्हे. ते म्हणाले, "वीज रात्रीची येती. पाणी द्यायला माणसं रात्रीचीच फिरत्यात. तारेला काय कळतंय, हरीण कोण आन् माणूस कोण?" अशा तारांना चिकटून माणसे गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार येतात. एवढे मात्र खरे की उत्तर देण्यापूर्वी अण्णा बराच वेळ गप्प होते. तो गप्प राहिलेला वेळ मी विसरू शकत नाही.

उपाय

मग आम्ही जुनेच उपाय नेटाने केले. त्यांपैकी काही उपयोगी पडले, काही नाही. त्यांची कारणेही सांगण्यासारखी आहेत.

बुजगावणे दोन-चार दिवस चालते. ते हलत नाही हे कळले की हरीण त्याच्याजवळ चरते. साड्यांचे कुंपण बरे. आईने, चुलतीने आणि शेजारणीने जुनी लुगडी-साड्या दिल्या, त्या काठ्यांना ताणून बांधल्या. हरणाला साडी ओलांडता येत नाही असे नव्हे, ते सहज उडी मारील. परंतु पलीकडचे दिसत नाही म्हणून ते बिचकते. जे जनावर डोळ्यांवर जगते त्याला डोळ्याआड केलेले शेत नकोसे होते. करडईचाही उपयोग आहे. ती मोठी झाली की काटेरी होते, म्हणून जुने लोक बांधाच्या कडेने करडईच्या चार-सहा ओळी पेरीत. अलीकडे करडईचा पेरा कमी झाला आणि तो काटेरी पदरही गेला. यंदा आम्ही माळाच्या बाजूने करडई पेरली आहे. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे जागल. माळा बांधून, गोफण घेऊन माणूस रात्रभर जागला तर हरीण येत नाही. पण रात्री जागणारा माणूस दिवसा मजुरीला जाऊ शकत नाही, हा त्यातला हिशेब.

माळ कोणाचा?

हे सर्व उपाय हरीण एका शेतातून दुसऱ्या शेतात घालविण्याचे आहेत. मूळ प्रश्न माळाचा आहे. सरकारी कागदावर माळाला पुष्कळदा 'पड' म्हणतात, म्हणजे निरुपयोगी. म्हणून तो नांगरला जातो, त्यावर प्लॉट पडतात किंवा चांगल्या हेतूने झाडे लावली जातात. पण झाडांच्या सावलीत मारवेल येत नाही. हरणाला, लांडग्याला, माळढोकाला आणि मेंढपाळाच्या मेंढीलाही गवत हवे असते.

माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर व त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावेच्या गावे आली. २०१२ साली ते कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० साली खास काळविटांसाठी अभयारण्य झाले. ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे आहे. एक अभयारण्य इतके मोठे की त्यात शेते मावली, दुसरे इतके लहान की त्यात हरणे मावत नाहीत. अभयारण्याची हद्द हरणाला वाचता येत नाही. ते रेहेकुरीच्या बाहेर पडून शेतांतच चरते.

ओडिशातील गंजाम जिल्ह्यात शेतकरी आपल्या शेतांत फिरणाऱ्या काळविटांना पिढ्यान् पिढ्या जपतात, कारण ती आली की पाऊसपाणी व पीक चांगले होते अशी त्यांची श्रद्धा आहे. श्रद्धा मोठी खरीच. पण नुसत्या श्रद्धेवर सर्वांचे भागेल असे मला वाटत नाही. गायरानातील गवत राखावे, पंचनामा गावातच आणि वेळेवर व्हावा, माळाकडच्या शेतकऱ्यांनी मिळून जागल वाटून घ्यावी, उघड्या विहिरींना कठडे बांधावेत म्हणजे रात्री पळणारी हरणे त्यांत पडणार नाहीत. यांपैकी एकही गोष्ट अशक्य नाही.

शेवटी एक प्रसंग सांगते. हरभरा आम्ही पहाटे उपटतो. दवाने घाटे मऊ असतात, गळत नाहीत. मागच्या काढणीत आई पुढे होती. ती एकदम थांबली. समोर हरभऱ्यात पाडस बसले होते. डोळे उघडे, पण हालचाल नाही. भाऊ म्हणाला, घरी नेऊ. मी वाचलेले सांगितले की, नेऊ नका, आई जवळच असेल. मला वाटले अण्णा चिडतील. याच हरणांनी आमचे अर्धे पीक खाल्ले होते. अण्णांनी माळाकडे हात केला. दूर बाभळीपाशी एक हरणी उभी होती. ही गोष्ट त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होती.

आम्ही भोवतालची पाच-सहा ताशी तशीच ठेवून पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाडस तेथे नव्हते. तिसऱ्या दिवशी अण्णांनी तेवढा हरभरा उपटून आणला. आईने तो निराळा झोडपला. पायलीभरही भरला नाही, पण तो तिने घरच्या खाण्यासाठी ठेवला. फी भरायला आम्हाला उसने घ्यावे लागले. ते या दिवाळीत फिटले.